ऐकू येऊलंय काय?

परत पावसाच्या सुट्ट्या सुरू झाल्या. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जुलै आला की डीसी साहेबांचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, शाळा बंद, आणि शाळा बंद झाली की तासाभरात वर्गाच्या ग्रुपवर व्हिडिओ, व्हॉईस मेसेज, यूट्यूबच्या लिंका धडाधड पडायला लागतात. कोरोनात लागलेली सवय ती, राहिली आहे आणि मला वाटतं आता ती राहणारच. बाकीची पोरं ते बघतात, नाही बघत, त्यांचं काय ते चालतं. खरं आमच्या धाकट्यासारख्या पोरांचं अशा वेळी काय होतं ते एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दोन्ही कानांना मशीन आहे. लहान असताना बेरा टेस्ट, म्हणजे कानाची तपासणी, केली तेव्हा कळलं, ७५ डेसिबलच्या वर आवाज गेल्याशिवाय त्याला मशीनशिवाय ऐकू येत नाही, आणि आपलं साधं घरातलं बोलणं असतं ६० डेसिबलच्या आसपास. मिरजेला जाऊन मशीन घेतलं, तिथंच स्पीच थेरपी केली, आई त्याला घेऊन पॅसेंजरनं जायची यायची. आज तो मराठी चांगलं बोलतो, थोडं जड बोलतो, नवीन माणसाला दोन मिनिटं लागतात सवय व्हायला, तेवढंच. गावातल्या मराठी सरकारी शाळेत शिकला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तो चौथीत होता आणि मी बेळगावात बी.कॉमला, मग मीही घरी. घरात मोबाईल एकच, बाबांचा.

ऑनलाईन सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला. टीचरनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला, आज्जी तर दर पाच मिनिटांनी विचारायची, "ऐकू येऊलंय काय रे?" आणि तो मान हलवायचा, होय. खोटं नव्हता बोलत तो. त्याला ऐकू येतच होतं. मोबाईलमधून काहीतरी आवाज येतोय, बाईमाणूस बोलतंय, हे कळत होतं. काय बोलतंय ते कळत नव्हतं. ह्या दोन गोष्टींत किती फरक आहे हे ज्यांच्या घरात असं मूल नाही त्यांना पटकन लक्षात येत नाही, त्यांना वाटतं मशीन लावलं म्हणजे झालं, चष्म्यासारखं. मशीन आवाज मोठा करतं, तुटका आवाज जोडून देत नाही. आणि मोबाईलच्या छोट्या स्पीकरमधून, त्यात नेट कमी असताना जो आवाज येतो तो आधीच चेपलेला असतो, स, श, फ, थ असले बारीक आवाज तर त्यात पहिल्यांदा मरतात. आमच्याकडं गणितात वर्तुळ चाललं होतं. टीचर त्रिज्या आणि व्यास सांगत होत्या आणि ह्याच्या वहीत बघितलं तर "व्या" एवढंच लिहिलेलं. पुढचा स त्याच्यापर्यंत आलाच नाही. "व्या म्हणजे काय अक्का?" असं त्यानं विचारलं.

आता तुम्ही म्हणाल तो ओठ बघून समजून घेत असेल की. घेतो, चांगलं घेतो. खरं ओठांवर सगळं नसतं हो. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पाट, भात, माठ असं म्हणून बघा. जवळजवळ एकच दिसतं. प, ब, भ, म सगळे ओठ मिटून उघडतात, आणि क, ख, ग, ह तर घशात होतात, ते दिसतच नाहीत. म्हणजे ही पोरं काय करतात, थोडं कानानं, थोडं ओठांवरून, थोडं समोरच्याच्या डोळ्या-भुवयांवरून आणि उरलेलं विषय काय चाललाय त्याच्या अंदाजानं, असं सगळं जुळवून एक वाक्य उभं करतात, आणि ते उभं होईपर्यंत बोलणारा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. दिवसभर हे करून डोकं दुखतं त्यांचं. संध्याकाळी तो मशीन काढून ठेवायचा आणि अर्धा तास कुणाशी बोलायचा नाही. आधी आम्हाला वाटायचं रुसलाय. थेरपीच्या मॅडमनी फोनवर सांगितलं, रुसला नाही, दमलाय, त्याला तेवढा वेळ द्या.

आणि ऑनलाईनमध्ये तोंडच नव्हतं ना कुठं. आमच्या गावाकडं झूम-बिम कमीच चाललं, सगळं व्हॉट्सअॅपवर. टीचर वहीवर मोबाईल धरायच्या आणि हातानं गणित सोडवत मागून बोलायच्या. व्हिडिओत एक हात, एक पेन आणि आवाज. ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी ती एकदम बरोबर पद्धत आहे, त्यात टीचरचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ह्याच्यासाठी मात्र ते मुकं चित्र. जेव्हा कधी खरोखर मीटिंग व्हायची तेव्हा वेगळी तऱ्हा, टीचरचं तोंड बोटाएवढं, मध्येच चित्र थिजायचं आणि आवाज पुढं जायचा, ओठ एक बोलतायत आणि कानात दुसरंच. कुणीतरी मध्येच खोकलं की स्क्रीनवर तो खोकणारा मोठा व्हायचा. पोरं एकाच वेळी ओरडायची "टीचर मी सांगतो, टीचर मी" आणि ह्याला कळायचंच नाही की आत्ता बघायचं कुणाकडं.

एक गोष्ट मला तेव्हा त्याच्या शेजारी बसल्यावर कळली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टीचर म्हणतात, "पान नंबर अमुक काढा, आकृती बघा, ह्यात काय दिसतंय..." आणि बोलत राहतात. बाकीची पोरं खाली मान घालून आकृती बघतात, कान चालूच असतात त्यांचे. ह्यानं मान खाली घातली की त्याचा तास बंद झाला. पुस्तक बघू की तोंड बघू, दोन्ही एकदम जमतच नाही. शाळेत हे कसं निभायचं तर बाकावरच्या दोस्तामुळं. दोस्त पान काढायचा, हा त्याचं बघून पान काढायचा. दोस्त बोट ठेवायचा, हा तिथं बघायचा. सगळी हसली की हा इकडंतिकडं बघून कशाला हसली ते शोधायचा. ही पोरं निम्मी शाळा आजूबाजूला बघून शिकतात. मोबाईलवर ते आजूबाजूच संपलं. कुणी त्याची जागा घेतली नाही, म्हणून मग मी बसले.

पाऊस आणि मशीन हे तर एक वेगळंच प्रकरण. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. आमच्या घराला पुढच्या बाजूला पत्रे आहेत आणि रेंज नेमकी तिथंच येते, आत कौलाखाली येत नाही. पत्र्यावर पाऊस कोसळतोय, मशीनचा माईक कानाच्या मागं असतो, तो पत्र्याचा आवाज मोबाईलपेक्षा आधी उचलतो. हेडफोन लावा असं पुष्कळांनी सांगितलं. कानात मोल्ड आहे, म्हणजे मशीनचा कानाच्या मापानं केलेला कानात बसणारा भाग, हेडफोनचं बोंड घालणार कुठं? वरून झाकणारा मोठा हेडफोन मशीनच्या माईकवर नीट बसवावा लागतो, थोडा हलला की शिट्टी वाजायला लागते. ब्लूटूथनं मोबाईलचा आवाज सरळ आत सोडणारी मशीनं असतात, महाग असतात, आमच्याकडं नव्हतं. आणि हवेत एवढी ओल की मशीनच्या नळीत पाण्याचे थेंब जमायचे. ड्राय बॉक्समध्ये सिलिका जेलच्या गोळ्या असतात, त्यांचा रंग बदलला की त्या तापवून परत सुक्या करायच्या, ते काम आज्जीनं चुलीजवळ बसून पूर्ण पावसाळाभर केलं.

ह्यात आणि मोल्ड. हे लिहिलंच पाहिजे कारण कुठल्या बातमीत हे आलं नाही. पोराचा कान वाढतो, मोल्ड वाढत नाही. म्हणून वाढत्या वयात सहा महिने-वर्षानं तो नवीन करावा लागतो, कानात मऊ सिलिकॉन भरून साचा घेतात, तो लॅबला जातो, मग मोल्ड येतो. हे काम व्हिडिओ कॉलवर होऊच शकत नाही. त्याचा मोल्ड नेमका २०२० च्या उन्हाळ्यात ढिला झाला. ढिला झाला की आवाज बाहेर गळतो, परत माईकमध्ये जातो आणि मशीन चीं करून शिट्टी मारतं. शिट्टी थांबवायची तर आवाज कमी करायचा, आवाज कमी केला की ऐकू येत नाही. पॅसेंजर बंद. मिरज आपल्या लेखी शेजारचं गाव, सोयरीकी तिकडं, दवाखाना तिकडं, आणि अचानक ती बॉर्डर झाली. पास पाहिजे, महाराष्ट्रातून परत आलं की कर्नाटकात क्वारंटाईन. पुढं २०२१ मध्ये सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद बघितल्याशिवाय सोडत नव्हते. बेळगावात चौकशी केली तर कान-नाक-घसा असल्यामुळं सगळे घाबरून होते, साचे घेणं बंद. शेवटी मोल्ड मिळाला तोवर शाळेचं अर्धं वर्ष शिट्टी वाजत गेलं. सेलचंही तेच, ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल, त्यांचा स्टिकर काढला की हवा लागते आणि सेल सुरू, वापरा न वापरा तो हळूहळू उतरणारच. साध्या दुकानात मिळत नाहीत. आई क्लास संपला की लगेच मशीन बंद करून ठेवायला लावायची, सेल वाचवायला. म्हणजे उरलेला दिवस तो घरातल्या माणसांपासूनही तुटलेला. त्या वयात भाषा वाढत असते हो, दिवसाचे तास असे बंद ठेवून चालत नाही.

भाषेचं आपल्याकडं आणखी एक आहेच. टीव्हीवर धडे लागायचे ते कन्नडमधून. महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्रीवर जुलै २०२० पासून टिलीमिली हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, मराठीत, पोरांना आवडायचाही, खरं तो बालभारतीच्या पुस्तकांवर, आणि आपली मराठी शाळेतली पुस्तकं कर्नाटक सरकारची, अभ्यासक्रम वेगळा. ऐकू येणारं मूल दोन्हीकडचं थोडं थोडं उचलतं, आमच्याकडं चार वर्षांचं पोरगं दुकानात कन्नड आणि घरात मराठी सहज बोलतं. ऐकू न येणाऱ्या मुलाला एक भाषा उभी करायलाच घरादाराची मेहनत लागते, तिथं दुसऱ्या भाषेतला टीव्ही म्हणजे नुसतं हलणारं चित्र. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या १६ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कर्णबधिर मुलांना त्यांना सगळ्यात योग्य अशा भाषेत आणि योग्य पद्धतीनं शिक्षण मिळालं पाहिजे. सीमाभागात आपण बोर्डावरच्या भाषेसाठी रस्त्यावर उतरतो, उतरलंच पाहिजे, माझे आजोबाही उतरले होते. ह्या कलमासाठीही कुणीतरी उतरावं असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट २०२० मध्ये कर्नाटक सरकारचं विद्यागम सुरू झालं तेव्हा घरात सण असल्यासारखं वाटलं. शिक्षकांनी गावात यायचं, थोडी थोडी पोरं घेऊन देवळात, झाडाखाली शिकवायचं. पहिले दोन दिवस देवळाच्या मंडपात बसवलं. मोठा मंडप, फरशी, आवाज घुमतो, आणि घुमलेला आवाज मशीनला अजिबात झेपत नाही. टीचरच्या तोंडावर मास्क. साधा मास्क बारीक आवाज ३-४ डेसिबलनं कमी करतो आणि एन-९५ तर १२ च्या आसपास, वर ओठ झाकलेले. तो परत आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी जाऊन टीचरना विनंती केली आणि सगळा वर्ग फणसाच्या झाडाखाली नेला. उघड्यावर आवाज घुमत नाही, शिवाय अंतर ठेवून टीचर खाली बसून बोलायच्या, त्या प्लास्टिकची पारदर्शक शील्ड लावून यायला लागल्या. त्या झाडाखाली तो जे शिकला ते त्या वर्षात त्याला सगळ्यात जास्त आलं. ऑक्टोबरमध्ये विद्यागम थांबवलं, पोरं आणि शिक्षक आजारी पडायला लागले म्हणून, आणि परत मोबाईल.

टीचरचं नाव इथं लिहीत नाही, खरं त्यांच्यामुळं पुढचं वर्ष निघालं. त्यांनी मला विचारलं, "तूच सांग, मी काय करू?" आणि आम्ही दोघींनी मिळून एक एक करून बघितलं. त्या खिडकीकडं तोंड करून बसायला लागल्या, कारण खिडकी पाठीमागं असली की तोंड काळं दिसतं. व्हिडिओ घरी एकट्या असताना करायच्या, त्यामुळं मास्क नको. आधी तोंड दाखवून बोलायचं, मग गप्प बसून वही दाखवायची, मग परत तोंड. दोन्ही एकदम नाही. ह्यानं व्हिडिओ थोडा लांबतो, बाकीच्या पोरांच्या आयांनी सांगितलं की त्यांच्या पोरांनाही हे जास्त समजतंय. आदल्या रात्री उद्याच्या धड्यातले दहा-बारा नवीन शब्द वहीत लिहून त्याचा फोटो त्या पाठवायच्या. हा फोटो म्हणजे त्याच्यासाठी सोनं होतं. शब्द आधी डोळ्याखालून गेलेला असला की ओठांवर तो ओळखू येतो, व्यास माहीत असेल तर "व्या" वरून व्यास कळतो. व्हॉईस मेसेज बंदच केले, त्याऐवजी टाईप करून, आणि टाईप करायला वेळ नसला तर कागदावर लिहून फोटो.

कॅप्शनचं पण करून बघितलं. मोबाईलवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब आहे, बोललेलं मराठीत लिहून दाखवतं, घरी बाबांशी बोलायला, दुकानात वगैरे खूप चांगलं आहे, ज्यांच्या घरात कुणाला कमी ऐकू येतं त्यांनी आजच घ्या. अभ्यासाला जपून. एकदा टीचर म्हणाल्या अपूर्णांक आणि स्क्रीनवर आलं पूर्ण अंक. मी शेजारी होते म्हणून थांबवलं, एकटा असता तर त्यानं ते तसंच पाठ केलं असतं, कारण लिहिलेलं आहे म्हणजे बरोबर आहे असं ही पोरं धरतात, त्यांच्यासाठी लिहिलेलंच खात्रीचं असतं.

आमच्या ओळखीच्यांची एक मुलगी आहे, पलीकडच्या गावची, जन्मापासून अजिबात ऐकू येत नाही. ती कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत होती, तिथं खुणांच्या भाषेत भरभर बोलायची, दोस्तिणींशी भांडायची, गोष्टी सांगायची. लॉकडाऊनमध्ये घरी आली. घरात कुणाला ती भाषा येत नाही. जेव, ये, झोप, म्हस, पाणी, एवढ्या घरगुती खुणांवर तिचे महिनेच्या महिने गेले. माझ्या भावाचा अभ्यास बुडाला, तिचं बोलणंच बुडालं. तिच्यासाठी व्हिडिओ कॉल खरं म्हणजे वरदान, खुणा दिसल्या की झालं, आवाजाची गरजच नाही. पण नेट अडखळलं की हात मध्येच थिजतो आणि खूण अर्धी राहते. तिची आई मला म्हणाली, "पोरगी माझ्याशी बोलायला बघतीया आणि मला तिचं कळंना." मुलांना शिकवतो तसं आईबापांनाही ही भाषा शिकवणारं कुणीतरी तालुक्याला एक तरी असायला पाहिजे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रानं ह्या खुणांच्या भाषेचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ मध्ये काढला, तो ऑनलाईन फुकट बघता येतो, आणि ६ डिसेंबर २०२४ पासून केंद्र सरकारच्या पीएम ई-विद्या ह्या शिक्षणाच्या चॅनलांमधलं ३१ नंबरचं डीटीएच चॅनल पूर्ण सांकेतिक भाषेतलं आहे. हे त्या आईला मी सांगितलं तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून इथंही लिहिते.

आणि शेजारी बसणाऱ्याचं कोण बघतं? मी बसले कारण मी घरी होते आणि मला वेळ होता, माझा क्लास असला की मोबाईल त्याच्याकडं आणि माझी लेक्चरं मैत्रिणीच्या वहीवरून. मला त्याचं दुःख नाही. खरं ज्या घरात अशी अक्का नाही, आई रोजगाराला काजूच्या फॅक्टरीत जाते, तिथं ते मूल स्क्रीनसमोर मान हलवत बसलं असणार आणि हजेरी लागली असणार. शेजारी माणूस लागतोच हे शाळेनं, खात्यानं धरून चालायला पाहिजे. बीआरसीचे, म्हणजे तालुक्याच्या शिक्षण साधन केंद्राचे विशेष शिक्षक एका तालुक्यातल्या सगळ्या गावांना पुरत नाहीत, ते स्वतः सांगतात.

आता धाकटा हायस्कूलला आहे. विषयाला वेगळे सर, रोज सगळ्यांचे ओठ वेगळे. सायन्सच्या सरांच्या मिशा मोठ्या आहेत, त्यानं स्वतः जाऊन त्यांना सांगितलं की सर मला तुमचा वरचा ओठ दिसत नाही, आणि सरांनी मिशा कातरल्या. दहावीची तयारी म्हणून तो यूट्यूबवर आपल्या कर्नाटक अभ्यासक्रमाचे मराठीतले व्हिडिओ शोधत असतो, थोडेच आहेत, जे आहेत ते आपल्याच भागातल्या शिक्षकांनी कळकळीनं केलेले आहेत. त्यांना एवढंच सांगणं आहे. व्हिडिओ करण्याआधी तुम्ही वहीत जे लिहून काढता ना, काय काय बोलायचं ते, त्या पानांचे फोटो व्हिडिओच्या खाली लिंक करून टाका, नाहीतर वर्गाच्या ग्रुपवर टाका. अक्षर कसंही असू दे, तो लावून घेतो.